कॅरींचा थोरला मुलगा

माझे वडील जुळारी होते. तालुक्याच्या गावी एका ट्रेडल छापखान्यात त्यांनी एकतीस वर्षे खिळे जुळवले. लग्नपत्रिका, हँडबिले, पतपेढ्यांचे अहवाल, जत्रेची पत्रके. नवव्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुटीत, मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी उभा राहिलो. वरच्या घरांपर्यंत हात पोचत नव्हता म्हणून त्यांनी माझ्या पायाखाली लाकडी खोके सरकवले. तुला यायचे आहे का, असे कोणी विचारले नव्हते; असे विचारायचे असते हे मलाही ठाऊक नव्हते. पुढे शिक्षण बारावीला थांबले, खिळे भंगारात गेले, मी मुद्रितशोधनाकडे वळलो आणि त्याच वाटेने मराठी मुद्रणाच्या इतिहासाचा नाद लागला. गाठीशी ना पदवी, ना कोणी मार्गदर्शक. रविवार आणि ग्रंथालये, एवढ्यावरच हे चालले आहे.

या नादात विल्यम कॅरी भेटणे अटळ होते. मराठी मुद्रणाचा मागोवा घेणाऱ्याला बंगालातल्या श्रीरामपूरला जावेच लागते. (हे आपल्याकडचे साखर कारखान्यांचे श्रीरामपूर नव्हे. हुगळीच्या काठी, बराकपूरच्या समोर वसलेली ही त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यातली वसाहत.) तिथून १८०५ साली कॅरींचे मराठी व्याकरण निघाले आणि १८१० साली मोडी लिपीतल्या खिळ्यांनी छापलेला मराठी-इंग्रजी कोश. पंडित वैजनाथ या कामात त्यांचे साहाय्यक होते. मराठीचे हे ऋण आपल्याकडे अनेकांनी नोंदवले आहे, ते पुन्हा सांगण्यासाठी हा लेख नाही.

कॅरींची चरित्रे वाचताना मला एक मुलगा पुन्हा पुन्हा दिसत राहिला. तो आधी जहाजावर दिसतो, मग नदीत, मग छापखान्यात, आणि मग काही वर्षे दिसेनासाच होतो. चरित्रकार त्याच्याबद्दल दोन-चार ओळी लिहून पुढे जातात. त्या ओळींत कधी कौतुक असते, बऱ्याचदा खेद असतो. हा कॅरींचा थोरला मुलगा फीलिक्स. धर्मकार्यासाठी परदेशी निघालेल्या बापाबरोबर हा मुलगा घर सोडून निघाला, तेव्हा त्याची आई बरोबर नव्हती. ही गोष्ट मला बरीच उशिरा कळली आणि त्यानंतर कॅरींकडे पाहण्याची माझी नजर पहिल्यासारखी राहिली नाही.

पहिले जहाज

विल्यम कॅरी यांचा जन्म १७६१ मधला, इंग्लंडच्या नॉर्थहॅम्पटनशायर परगण्यातला. चांभारकाम करता करता ते भाषा शिकले, गावच्या शाळेत शिकवू लागले, बाप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले. जगभर धर्मप्रसार हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे असे प्रतिपादन करणारी त्यांची पुस्तिका १७९२ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या २ तारखेला केटरिंग गावी बाप्टिस्टांची मिशनरी संस्था स्थापन झाली. पहिल्या बैठकीत वर्गणीचे वचन मिळाले ते १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्सचे. एवढ्या भांडवलावर बंगालला माणसे पाठवायचे ठरले. तिथे राहून आलेले शल्यवैद्य जॉन थॉमस आणि त्यांच्या जोडीला कॅरी.

पत्नी डोरोथी यांनी नकार दिला. त्या गरोदर होत्या. लहानपणीच दोन मुली दगावल्या होत्या आणि पदरात तीन मुलगे होते. आपल्या परगण्याबाहेरचे जग त्यांना फारसे माहीत नव्हते. विवाहनोंदीच्या वहीत सहीच्या जागी त्यांची फुली आहे. त्यामुळे या नकाराची त्यांची बाजू आपल्याला त्यांच्या शब्दांत वाचता येत नाही. ती नवऱ्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या पत्रांतूनच येते.

कॅरी थांबले नाहीत. त्यांनी थोरल्याला, सात-आठ वर्षांच्या फीलिक्सला बरोबर घेतले आणि एप्रिल १७९३ मध्ये 'अर्ल ऑफ ऑक्सफर्ड' या जहाजावर चढले. जहाज वाइट बेटाजवळ अडकून पडले. कंपनीच्या परवान्याशिवाय मिशनऱ्यांना नेणे म्हणजे गुन्हा, शिवाय थॉमस यांच्या डोक्यावर सावकारांचे कर्ज. त्या मुक्कामातून कॅरींनी बायकोला पत्र लिहिले. साऱ्या जगाचे धनीपण असते, तर तू आणि मुले बरोबर असावीत म्हणून ते देऊन टाकले असते, पण कर्तव्याची जाणीव इतर सगळ्यावर मात करते, असा त्या पत्राचा आशय आहे. या पत्रातली माया खोटी नाही. पण ते वाचताना डोळ्यांसमोर येतो तो लिहिणाऱ्याच्या जवळपास खेळणारा मुलगा. कर्तव्याच्या त्या हिशेबात त्याचे आईपासून तुटणेही जमा होते.

शेवटी परवान्याच्या भीतीने कप्तानाने त्यांना उतरवले. मिशनच्या इतिहासात ही एक अडचण म्हणून येते आणि त्यातून ईश्वराने कसा मार्ग काढला असे सांगितले जाते. त्या मुलाच्या बाजूने पाहिले तर एवढेच दिसते, की कागद वेळेवर मिळाले असते तर आईची आणि त्याची कदाचित पुन्हा भेट झाली नसती.

दरम्यान घरी चौथा मुलगा जन्मला होता. थॉमस आणि कॅरी पुन्हा डोरोथींकडे गेले. त्यांनी पुन्हा नकार दिला. दोघे निघाले, वाटेतून थॉमस एकटे परत फिरले आणि त्यांनी निर्वाणीचे सांगितले, आता आला नाहीत तर कुटुंब कायमचे विखुरले जाईल, जन्मभर पस्तावाल. धाकटी बहीण किटी बरोबर येत असेल तर येते, असे म्हणून डोरोथी तयार झाल्या. १३ जून १७९३ रोजी डोव्हरहून एका डॅनिश जहाजाने सगळे निघाले. काही आठवड्यांचे तान्हे मूल कडेवर होते. पाच महिन्यांनी, ११ नोव्हेंबरला, ते कलकत्त्याला पोचले.

मदनाबाटी

पहिले वर्ष हलाखीचे गेले. पैसे संपले. कलकत्त्यात जागा मिळेना, म्हणून सुंदरबनाच्या कडेला जंगल तोडून राहण्याचा प्रयत्न झाला. आई आणि मुलांना रक्ती आव लागली. किटीने तिथेच मिठाच्या खात्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याशी लग्न केले, आणि ज्या बहिणीच्या आधारावर डोरोथी आल्या होत्या तीही दुरावली. मग उत्तर बंगालात मदनाबाटी इथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. तिथे १७९४ साली पाच वर्षांचा पीटर तापाने गेला. विटाळाच्या आणि जातिबहिष्काराच्या भीतीने त्याचे थडगे खणायला आणि त्याला उचलून न्यायलाही माणसे मिळेनात. त्यानंतर डोरोथींचे मन जे ढळले ते पुन्हा स्थिरावले नाही. नवऱ्यावर संशय, आरडाओरडा, त्यांच्या अंगावर धावून जाणे. पुढची बारा-तेरा वर्षे, १८०७ च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत, त्यांचा बराच काळ खोलीत कोंडूनच गेला.

त्याच घरात कॅरी बायबलचे बंगालीत भाषांतर करत होते. ते धीराचे, शांत आणि अतोनात कष्टाळू होते, याबद्दल कोणाचे दुमत नाही. पण मुलांकडे पाहायला कोणी नव्हते. १७९९ च्या ऑक्टोबरात मार्शमन दांपत्य आणि विल्यम वॉर्ड श्रीरामपूरला आले, आणि १८०० च्या जानेवारीत कॅरी तिथे राहायला गेले. कॅरींची मुले रानटासारखी वाढली आहेत असे या नव्या सहकाऱ्यांना दिसले. बापाला ते कळते आणि सलतेही, पण धाक लावण्याइतका कठोरपणा त्यांच्यात नाही, अशा अर्थाचे हॅना मार्शमन यांचे निरीक्षण आहे.

रानात वाढण्याला मात्र आणखी एक बाजू होती. कॅरी पंडितांकडून बंगाली शिकले. फीलिक्स तिच्यात वाढला. बापाने व्याकरणातून जी भाषा मिळवली ती मुलाच्या कानावर नोकरचाकरांच्या आणि गावच्या पोरांच्या तोंडून पडत होती. पुढे त्याच्या हातून जे काही झाले त्याचे मूळ, माझ्या मते, या दुर्लक्षित वर्षांत आहे.

नदी आणि छापखाना

वॉर्ड मूळचे मुद्रक. त्यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या फीलिक्सला हाताशी घेतले. कॅरींना मिळालेला लाकडी छापखाना श्रीरामपुरात उभा राहिला. बंगाली नव्या कराराचा पहिला ताव १८०० च्या मार्चमध्ये छापला गेला आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पुस्तक पुरे झाले. त्या खिळ्यांवर वॉर्डबरोबर फीलिक्सचा हात फिरत होता. मी या नोंदीशी बराच वेळ थांबलो होतो. त्याला स्वतःचे म्हणता येईल असे पहिले काम आणि त्याच्याकडे नीट लक्ष देणारा पहिला माणूस, दोन्ही त्याला छापखान्यातच मिळाले.

२८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या घाटावर कॅरी पाण्यात उतरले. एका बाजूला फीलिक्स होता, दुसऱ्या बाजूला कृष्ण पाल हा सुतार. सात वर्षांनंतर मिशनला मिळालेला हा पहिला बंगाली ख्रिस्ती. मिशनच्या इतिहासात हा दिवस मोठा आहे. त्या दिवसाची दुसरी बाजू जॉन क्लार्क मार्शमन यांनी लिहून ठेवली आहे. वाटेच्या एका बाजूच्या घरात हर्षातिरेकाने वेडावलेले थॉमस बडबडत होते आणि दुसऱ्या बाजूच्या खोलीत कोंडलेल्या डोरोथी किंकाळ्या फोडत होत्या. म्हणजे मुलाच्या बाप्तिस्म्याची मिरवणूक निघाली ती आईच्या आक्रोशाजवळून.

हे लिहिणारे धाकटे मार्शमन स्वतः पाच वर्षांचे असताना आईबापांबरोबर जहाजातून आले होते. मोठेपणी ते पत्रकार आणि इतिहासकार झाले. १८५९ साली त्यांनी तिन्ही मिशनऱ्यांचा इतिहास लिहिला तेव्हा ती किंकाळी वगळली नाही. मिशनरी बापाच्या मुलाने दुसऱ्या मिशनरी बापाच्या मुलासाठी केलेली ही नोंद मला फार मोलाची वाटते.

ब्रह्मदेश

१८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर कंपनी सरकारने मिशनऱ्यांवर निर्बंध घातले. तेव्हा श्रीरामपूरकरांनी ब्रिटिश मुलखाबाहेर पाहायला सुरुवात केली. जेम्स चेटर यांच्याबरोबर फीलिक्स १८०७ साली रंगूनला गेला. तेव्हा तो एकवीस-बावीस वर्षांचा होता, विवाहित होता आणि कलकत्त्याच्या रुग्णालयात थोडे वैद्यक शिकलेला होता. ब्रह्मी माणसे त्याच्याकडे आली ती उपदेशासाठी नव्हे, औषधासाठी. देवीची लस त्या देशात पोचवणाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. तो पाली शिकला, ब्रह्मी शिकला. त्याचे ब्रह्मी भाषेचे व्याकरण १८१४ साली श्रीरामपूरला छापून निघाले. १८१३ साली अमेरिकन मिशनरी ॲडोनिराम जडसन रंगूनला उतरले तेव्हा त्यांना निवारा मिळाला तो फीलिक्सच्या घरात.

बापलेकांमध्ये आणखी एक धागा होता, झाडांचा. कॅरी हाडाचे वनस्पतिप्रेमी. आपल्या सह्याद्रीतल्या कुंभ्याच्या झाडाचे शास्त्रीय नाव 'कॅरेया आर्बोरिया' आहे. त्यातले 'कॅरेया' हे रॉक्सबर्गने या कॅरींवरून ठेवले. कलकत्त्याच्या उद्यानातल्या वनस्पतींची यादी कॅरींनी १८१४ साली छापली. तीत ब्रह्मदेशातून रोपे धाडणारा म्हणून मुलाचेही नाव आहे.

त्याची पहिली पत्नी वारली. त्याने ब्रह्मदेशातल्याच एका युरोपीय-ब्रह्मी कुळातल्या मुलीशी दुसरे लग्न केले. राजा बोदोपयाच्या दरबारातून लस टोचण्यासाठी बोलावणे आले. लस आणि छपाईचे साहित्य घेऊन सहकुटुंब राजधानीकडे निघाला असता, ३१ ऑगस्ट १८१४ रोजी इरावतीत त्याचे गलबत वादळात उलटले. पत्नी आणि दोन्ही लहान मुले बुडाली. लहान मुलाला धरून तो पोहत होता. स्वतः बुडू लागला तेव्हा मूल हातातून सुटले. हे त्याने स्वतःच वडिलांना कळवले.

राजदूत

राजाने त्याचे सांत्वन केले, त्याला हुद्दा आणि मानमरातब दिले आणि आपला वकील म्हणून कलकत्त्याला पाठवले. तो लाल छत्री, तलवार आणि लवाजमा घेऊन आला. त्या वेळी कॅरींनी काढलेला उद्गार प्रसिद्ध आहे. माझा मुलगा मिशनरी होता, आता आक्रसून राजदूत झाला, असा त्याचा भावार्थ. मिशनरीपदाची थोरवी सांगण्यासाठी तो आजही प्रवचनांतून सांगितला जातो. ज्याच्याबद्दल तो काढला गेला, त्याची बायकामुले नुकतीच नदीत बुडाली होती, हे सांगणारा मात्र क्वचित भेटतो.

कलकत्त्यात फीलिक्स बिघडला. दरबारी थाट, उधळपट्टी, कर्ज. वकिली फसली आणि राजाची मर्जीही गेली. ब्रह्मदेशात परतायची सोय राहिली नाही आणि बापाला तोंड दाखवण्याचीही हिंमत उरली नाही. मग तीन-एक वर्षे तो बंगालच्या पूर्व सरहद्दीवरच्या लहानसहान राज्यांतून भटकत राहिला. १८१८ साली तो चितगावला वॉर्डना भेटला. लहानपणी ज्यांनी त्याला छापखान्यात उभे केले, तेच त्याला हात धरून घरी घेऊन आले.

चरित्रे बहुधा इथे संपतात. खरे तर शेवटची चार वर्षे त्याच्या आयुष्यातली सर्वांत भरीव म्हटली पाहिजेत. त्याने वडिलांच्या भाषांतरांची मुद्रिते तपासली, इंग्लंडचा इतिहास बंगालीत आणला, बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चे भाषांतर केले. आणि १८१९ पासून 'विद्याहारावली' हा बंगाली ज्ञानकोश हप्त्याहप्त्याने काढायला घेतला. 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'च्या आधारे लिहिलेला त्याचा पहिला खंड शरीररचनाशास्त्राचा आहे. पाश्चात्त्य पद्धतीच्या शरीरशास्त्रावरचे बंगालीतले हे पहिले पुस्तक. त्यासाठी त्याला अवयवांची नावे संस्कृतच्या आधाराने घडवावी लागली. आपल्या काळातल्या युरोपीयांमध्ये फीलिक्सइतके बंगाली कोणालाच येत नव्हते, असा निर्वाळा धाकट्या मार्शमनांनी दिला आहे. त्या युरोपीयांत फीलिक्सचे वडीलही होते.

१० नोव्हेंबर १८२२ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षाच्या आसपास, तो श्रीरामपूरला वारला. चार महिन्यांनी वॉर्ड गेले. कॅरी १८३४ पर्यंत जगले.

एकेरी आणि आदरार्थी

लेखाचे मुद्रित तपासताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सुरुवातीपासून मी कॅरींना 'ते' लिहीत आलो आणि फीलिक्सला 'तो'. सात वर्षांच्या मुलाला 'तो' म्हणणे ठीक आहे. पण व्याकरण लिहिणारा, लस टोचणारा, कोश रचणारा माणूस माझ्या हातून 'तो'च राहिला. ही माझ्या एकट्याची चूक नाही. बापाच्या चरित्रात मुलगा कधी मोठा होत नाही. विल्यम कॅरींनी मुलाचे मोजमाप ज्या पट्टीने केले तीच पट्टी आपणही उचलतो: मिशनरी झाला की वाढला, दुसरे काही झाला की आक्रसला.

तर आता दुरुस्ती. फीलिक्स कॅरी हे ब्रह्मी भाषेचे वैयाकरण होते. ते वैद्य होते, मुद्रक होते, बंगाली शास्त्रीय गद्याच्या आरंभीच्या लेखकांपैकी एक होते. वडिलांच्या कामासाठी त्यांना आठव्या वर्षी न विचारता जहाजावर चढवले गेले. त्या प्रवासाने त्यांना भाषा दिल्या, आणि त्याच प्रवासात त्यांच्या आईचे मन हरवले. या दोन्ही गोष्टी एकाच वहीत मांडल्या पाहिजेत. विल्यम कॅरींचा मोठेपणा त्याने कमी होत नाही. आपल्या मराठी व्याकरणाचे आणि कोशाचे ऋण मान्य करताना त्या ऋणाची किंमत आणखी कोणी भरली, एवढे मात्र त्याने कळते.

तीन वर्षांपूर्वी मी श्रीरामपूरला जाऊन आलो. कॉलेजच्या इमारतीसमोर हुगळी संथ वाहते, पलीकडे बराकपूर दिसते. परत आल्यावर वडिलांना ही सगळी हकीकत सांगितली. त्यांचे वय आता शहाऐंशी, ऐकू कमी येते. बाकी कशावर ते काही बोलले नाहीत. वॉर्डनी मुलाला खिळे जुळवायला शिकवले, तिथे मात्र त्यांनी मला थांबवले. म्हणाले, "मग त्याच्या पायाखाली खोकं ठेवलं असेल."

चौदा वर्षांच्या मुलाला खोके लागत नाही, हे मी त्यांना सांगितले नाही.